संदर्भ न दिलेलं वाक्य: हाताने शिकण्याचा इतिहास शोधताना

संशोधनाच्या आराखड्यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य ओळखायची एक सोपी खूण आहे. ज्या वाक्याला संदर्भ द्यावा असं आपल्याला वाटतच नाही, ते वाक्य.

माझंही असं एक वाक्य होतं. एमएस्सी करून मी शिक्षणाच्या अभ्यासाकडे वळले तेव्हा विषय ठरवला होता: शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत एका सत्रात कृतीतून शिकवलं जाणारं विज्ञान. त्यात मराठी शाळा, उर्दू शाळा आणि धर्मशिक्षणासोबत शालेय विषय शिकवणाऱ्या मुस्लिम शाळा असे तीन गट घ्यायचे होते. तिसऱ्या गटाबद्दल मी बिनधास्त लिहून टाकलं, "येथे परंपरेने पाठांतरावर भर असून कृतियुक्त शिक्षण ही अलीकडची बाब आहे." गाइड मॅडमनी समासात पेन्सिलने तीनच शब्द लिहिले: "हे कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मग मी इतिहास वाचायला घेतला. तुमच्यापैकी जे आराखडा लिहायच्या तयारीत आहेत त्यांच्यासाठी तो वाचनप्रवास इथे मांडते आहे.

मुलांची बँक, मुलांचं दुकान

सुरुवात दिल्लीतून करावी लागते. जामिया मिलिया इस्लामिया ही संस्था असहकाराच्या काळात, २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढला स्थापन झाली आणि १९२५ मध्ये दिल्लीला हलली. आज आपण तिला विद्यापीठ म्हणून ओळखतो, पण तिची स्वतःची प्राथमिक शाळाही होती. १९२६ मध्ये बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट करून आलेले झाकीर हुसेन जामियाचे प्रमुख झाले. वय २९. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्याच वयाचे! जर्मनीत असताना त्यांच्यावर म्युनिकचे शिक्षणसुधारक गेऑर्ग केर्शेनश्टायनर यांचा प्रभाव पडला होता. शाळा ही काम करत शिकायची जागा असावी, हा केर्शेनश्टायनर यांचा आग्रह.

जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोळी या शिक्षकांनी प्रकल्प पद्धत रुजवली. मुलं स्वतःची बँक चालवायची, दुकान चालवायची. यात शिकणं कुठे आहे ते बघा. पुस्तकातलं व्याजाचं उदाहरण चुकलं तर एक गुण जातो. बँकेच्या वहीत चूक झाली तर वर्गमित्र समोर उभा राहून विचारतो, "माझा आणा कुठे गेला?" हिशेब पुन्हा तपासायचं कारण तिथे खरं असतं. याच शाळेत पुढे गेर्डा फिलिप्सबॉर्न या जर्मन ज्यू बाईंनी लहान मुलांबरोबर काम केलं. १ मार्च १९३५ रोजी ओखल्याच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवायचा मान कुठल्या पाहुण्याला दिला नाही, तो शाळेतल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याला दिला.

ही शाळा धर्मशिक्षणही देत होती. एकाच छताखाली दीनियात आणि प्रकल्प पद्धत, तेही १९३० च्या दशकात. माझं ते "अलीकडची बाब" तिथेच कोसळलं.

वर्धा, ऑक्टोबर १९३७

आता महाराष्ट्रात येऊ. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मातृभाषेतून सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण असावं आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावं, असं ठरलं. अभ्यासक्रम तयार करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष झाकीर हुसेन. सदस्यांत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सय्यदैन, आर्यनायकम अशी मंडळी होती. शाळेत मी नयी तालीम वाचली तेव्हा गांधी आणि विनोबा भेटले होते. झाकीर हुसेन भेटले ते समितीच्या नावापुरते. त्यांच्या पाठीशी एका चालत्या शाळेचा अनुभव होता, हे मला कुठे वाचल्याचं आठवत नाही.

समितीचा अहवाल २ डिसेंबर १९३७ चा. त्यातलं वेळापत्रक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावं. रोजचे साडेपाच तास. त्यात मूलोद्योग ३ तास २० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. मातृभाषा ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटं. कवायत १० मिनिटं. सुट्टी १० मिनिटं. वर्षाला २८८ दिवस शाळा. म्हणजे साठ टक्के वेळ टकळी, चरखा, शेती यांना.

आकडे बघून आपण लगेच दोनपैकी एक गट निवडतो: "वा, काय क्रांतिकारक!" किंवा "ही तर बालमजुरी!" गंमत अशी की दुसरी शंका खुद्द झाकीर हुसेन यांनाच होती. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा. त्यावर परिषदेतच झाकीर हुसेन यांनी सावध केलं की स्वावलंबनावर अती भर दिला तर शिक्षक मुकादम होईल, आणि मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल. आर्थिक बाजू शैक्षणिक हेतूंवर कुरघोडी करण्याचा धोका समितीच्या अहवालातही नोंदवला आहे.

पुढचं वळण आणखी अवघड आहे. १९३८ च्या अखेरीस मुस्लिम लीगच्या पीरपूर समितीचा अहवाल आला. त्या काळात वर्धा योजनेवर लीगकडून जोरदार टीका होत होती. योजनेत धर्मशिक्षण नाही हा एक आक्षेप, आणि मध्य प्रांतातल्या 'विद्यामंदिर' या नावावर दुसरा. जामियातून आलेल्या माणसाने घडवलेला अभ्यासक्रम मुसलमानांवर लादलेला ठरवला गेला. दुसरीकडे मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने योजना उचलली होती, आणि मूलोद्योग शिक्षणाची पहिली परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्यात भरली. त्याच सुमारास प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि राजकीय आधार सुटला. टकळीने मुलं नेमकं काय शिकतात, हा प्रश्न या सगळ्या गदारोळात मागे पडला.

पाबळ, १९८३

शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. ते हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी पर्जन्यछायेतलं, कोरडवाहू शेतीचं गाव निवडलं आणि शाळा सुटलेल्या मुलांबरोबर काम सुरू केलं. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया असं सगळं हाताने करायचं आणि गावाला प्रत्यक्ष सेवा द्यायची. पुढे याचंच शालेय रूप तयार झालं: आठवड्यातला एक दिवस कामाचा, आणि अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅबही पाबळला आली.

इथे मला मोठा मोह झाला. जामिया, वर्धा, पाबळ आणि मग माझ्या अभ्यासातल्या शाळा! किती सुंदर सरळ रेषा. मॅडमनी ही रेषाही खोडली. "साम्य आहे, मान्य. संबंध दाखव."

हा भाग लक्षात ठेवा. साम्य, संबंध आणि परिणाम हे तीन वेगळे दावे आहेत आणि तिघांना पुरावे वेगळे लागतात. जामिया ते वर्धा हा संबंध पक्का आहे, कारण माणूस तोच आणि समितीची कागदपत्रं आहेत. वर्धा ते पाबळ यात प्रेरणेचं नातं आहे, विज्ञान आश्रम नयी तालीमचा वारसा सांगतो. पण वर्ध्याला एक मूलोद्योग मध्यभागी होता आणि कलबागांनी अनेक कौशल्यं एकत्र घेतली. पाबळ ते आजची एखादी मुस्लिम प्राथमिक शाळा, हा संबंध त्या शाळेतल्या शिक्षकाशी बोलून, प्रशिक्षणाच्या नोंदी बघूनच सिद्ध होईल. अंतर कमी आहे म्हणून प्रभाव आहे, असं धरून चालत नाही.

निरीक्षण तक्ता कसा बदलला

माझ्या पहिल्या तक्त्यात एकच रकाना होता: "कृती घेतली का? हो / नाही." झाकीर हुसेन शैक्षणिक कामाचे टप्पे सांगत: आधी प्रश्नाची जाणीव, मग योजना, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी स्वतःच स्वतःच्या कामाची पारख. त्यावरून मी चार रकाने केले. प्रश्न कोणाचा होता? योजना कोणी केली? काम कोणाच्या हातांनी झालं? चूक कोणी शोधली?

समजा वर्गात मटकी रुजवायची आहे. बाईंनी वाट्या दिल्या, कापूस दिला, सगळ्यांनी पाणी घातलं, मोड आले. जुन्या तक्त्यात "हो". नव्या तक्त्यात चारपैकी एकच रकाना मुलांच्या नावावर जातो. पण एखाद्या मुलीने विचारलं, "खिडकीजवळचं रोप वाकडं का वाढलं?", आणि वर्गाने वाटी फिरवून पाहिली, तर चित्रच बदलतं. हा फरक शाळा मराठी आहे, उर्दू आहे की मदरशाला जोडलेली आहे यावर आधीच ठरत नाही. तो वर्गात बसून पाहावा लागतो.

आता तुमची पाळी. स्वतःचा आराखडा उघडा आणि संदर्भ नसलेलं, तरीही तुम्हाला अगदी उघड वाटणारं एक वाक्य शोधा. विशेषतः ते आपल्याहून वेगळ्या समाजाबद्दल असेल तर. त्याच्या समासात पेन्सिलने लिहा: हे कोणी सांगितलं? माझं वाक्य मी खोडलं, आणि त्या जागी आता एक प्रश्न आहे. प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यातूनच उभं राहतंय.