खाजनाचा बांध कुणाचा?

गोव्यातल्या खाजनांच्या बांधात जे लाकडी दार बसवलेलं असतं, त्याला ‘मानस’ म्हणतात. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानं ते बंद होतं. ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना सेन्सर. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हेवा वाटावा असं यंत्र. पण भरतीच्या पातळीखालची ही भातशेती टिकली ती दारापेक्षा बांधामुळे, आणि बांध चिखल-पेंढ्याचा, फार तर जांभ्या दगडाचा. खेकड्यांनी पाडलेलं एक भोक वेळेत बुजवलं नाही, तर खारं पाणी आत शिरतं. कोरगुटासारखं खारेपण सोसणारं भातही मग तग धरत नाही.

ते भोक बुजवायची जबाबदारी गावकरीची होती. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. १५२६ साली अफोन्सो मेशियानं तिसवाडीच्या बेटांवरचे गावरिवाज एका सनदेत, ‘फोराल’मध्ये, नोंदवून घेतले. तिच्यात गावकारांच्या उगमाची कथा आहे: ओसाड बेटावर चार माणसं आली, जमीन लागवडीला आणली, वस्ती वाढली आणि कारभार चांगला केला म्हणून त्यांना गावकार म्हणू लागले. मेशियाला कथेचं कौतुक नव्हतं. सारा कुणाकडून घ्यायचा हे त्याला पक्कं करायचं होतं. तरी गावाचा कारभार कसा चाले, हे त्यामुळेच कागदावर आलं.

जमीन गावाची. शेतं ‘पावणी’नं, म्हणजे लिलावानं, ठरावीक मुदतीला कसायला दिली जात. उत्पन्नातून सारा, देवस्थानाचा खर्च, बांधांची डागडुजी; हे सगळं भागवून उरेल ती ‘जोण’ गावकारांत वाटली जाई. मला यातला क्रम मोलाचा वाटतो. गावासाठी एकत्र येणं म्हटलं की आपल्याला श्रमदान आठवतं, फावडी घेतलेल्या लोकांचा फोटो आठवतो. इथे बांधाचा खर्च वाटणीच्या आधी वळता होई. कुणाचं मन मोठं असण्यावर तो अवलंबून नव्हता.

मात्र गावकार म्हणजे मूळ घराण्यांचे पुरुष वंशज. बायका त्यात नाहीत. शेत कसणारं कूळ नाही, भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा मुंडकार नाही. चिखलात उतरणारे हात आणि जोण घेणारे हात बरेचदा वेगळे असत. ‘आदर्श ग्रामव्यवस्था’ म्हणून गावकरीचे गोडवे गाणारे लेख वाचताना मी याच ठिकाणी अडतो.

डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला. १९६४चा कूळ कायदा आणि १९७६ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालक केलं. ते न्यायाचंच होतं. पण शेत एकेकट्याच्या नावावर लागलं आणि बांध सगळ्यांचा राहिला. त्यासाठी कुळांच्या संघटना झाल्या. काहींनी काम केलं, अनेक कागदावरच उरल्या. दरम्यान शेती परवडेनाशी झाली आणि मानशीपाशी मासळी धरण्याचा ठेका किफायतशीर ठरला. भाताला दार वेळेवर मिटायला हवं, कोळंबीला खारं पाणी आत यायला हवं. एकाच दारावर दोन हिशेब आले. ठेकेदार पैसे मोजून उभा आहे, आणि ज्याचं शेत बुडतं तो त्याच संघटनेचा सभासद आहे.