हरवलेल्या चिठ्ठीचा शोध

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. पुढें घरोघरीं आलेले व्हॉल्व्हचे रेडिओ आतां माळ्यावर पडले आहेत. माझ्या वडिलांचाही काटेवाडीस आहे. त्याच्या स्पीकरचा पडदा फाटला. नवा कोणता बसवावा? ट्रान्सफॉर्मरवरील चिठ्ठी केव्हांच झडून गेलेली!

उत्तर इतिहासांत सांपडलें. एका वेटोळ्यांतील बदलता प्रवाह शेजारच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न करतो, हें फॅरडेनें १८३१ सालीं लंडनमध्यें दाखविलें. दोहोंच्या विद्युद्दाबांचें प्रमाण वेढ्यांच्या प्रमाणाइतकेंच असतें. १९२५ मध्यें अमेरिकेंत राइस व केलॉग यांनीं हलत्या वेटोळ्याचा स्पीकर पुढें आणला. अशा स्पीकरचा रोध मोजक्या ओहमांचा. व्हॉल्व्हला हवे हजारों. ही विषम सोयरीक ट्रान्सफॉर्मर जुळवितो.

मीं ट्रान्सफॉर्मर रेडिओपासून सोडवून स्पीकरकडील वेटोळ्यास एक व्होल्ट बदलता दाब दिला; पलीकडे २५ व्होल्ट भरले. रोध वेढ्यांच्या प्रमाणाच्या वर्गानें वाढतो. २५ चा वर्ग ६२५. म्हणजे ८ ओहमांचा स्पीकर व्हॉल्व्हला ५००० ओहमांसारखा भासणार. आमच्या ६व्ही६ व्हॉल्व्हला २५० व्होल्टांवर तेवढेच मानवतात. ४ ओहमांचा बसविला असता, तर निम्मेच भरून आवाज बिघडता.

चिठ्ठी झडली, तरी वेढ्यांनीं आपला हिशेब जपला होता. वडिलांचा रेडिओ पुन्हां बोलूं लागला.