शीतयुद्ध आणि हैदराबाद संस्थान

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व सोव्हिएट रशिया या दोन महासत्तांमध्ये जागतिक प्रभुत्वासाठी जी प्रदीर्घ स्पर्धा झाली, तिला शीतयुद्ध असे म्हणतात. या स्पर्धेचा व हैदराबाद संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाचा कालखंड एकच होता. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव) हे पाच मराठी भाषक जिल्हे त्या वेळी या संस्थानात समाविष्ट होते. दोन्ही महासत्तांपैकी कोणीही येथे उघड हस्तक्षेप केला नाही. तथापि त्यांच्यातील वैचारिक संघर्षाचे पडसाद संस्थानातील जमिनीच्या प्रश्नावर, राजकीय पक्षांच्या धोरणांवर व शासनाच्या कायद्यांवर उमटले.

पार्श्वभूमी : संस्थानातील जनतेचा लढा दोन भिन्न मार्गांनी चालला होता. तेलंगणात देशमुख व जहागीरदार यांच्याकडे विस्तीर्ण जमिनी एकवटल्या होत्या आणि ‘वेट्टी’ या नावाने ओळखली जाणारी सक्तीची वेठबिगार रूढ होती. तिच्याविरुद्ध आंध्र महासभा व कम्युनिस्ट पक्ष यांनी शेतकऱ्यांना संघटित केले. जुलै १९४६ मध्ये कडवेंडी येथे दोड्डी कोमरय्या हा कार्यकर्ता मारला गेल्यानंतर या चळवळीला सशस्त्र उठावाचे स्वरूप आले. मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी होऊन रयतवारी पद्धती रुजलेली असल्याने शेतकऱ्यांच्या असंतोषाला तेवढी धार नव्हती. तेथील लढ्याचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ यांच्या अध्यक्षतेखालील स्टेट काँग्रेसकडे राहिले आणि सशस्त्र प्रतिकार मुख्यतः सरहद्दीबाहेरील शिबिरांतून झाला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांमुळे स्टेट काँग्रेसमध्येही डाव्या विचारांचा एक प्रभावी गट होता.

कम्युनिस्ट धोरणातील बदल : सप्टेंबर १९४७ मध्ये कॉमिन्फॉर्मच्या स्थापनेच्या वेळी सोव्हिएट नेते झ्दानफ यांनी जग दोन परस्परविरोधी छावण्यांत विभागले गेल्याचा सिद्धांत मांडला. त्याचा परिणाम भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या कलकत्ता येथील दुसऱ्या अधिवेशनात (फेब्रुवारी-मार्च १९४८) दिसून आला. पी. सी. जोशी यांच्या जागी बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. नेहरूंचे शासन साम्राज्यवादाशी हातमिळवणी करणारे आहे, असे ठरवून पक्षाने त्याविरुद्ध क्रांतिकारक लढ्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे तेलंगणातील स्थानिक उठाव हा पक्षाच्या दृष्टीने देशव्यापी क्रांतीचा आरंभ ठरला. मे १९४८ मध्ये निजामाच्या शासनाने कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठविली. कम्युनिस्ट व रझाकार यांचे संगनमत असल्याचा आरोप भारत सरकारने केला व संस्थानातील अराजक हे लष्करी कारवाईचे एक कारण म्हणून पुढे केले.

सुरक्षा समितीपुढील प्रश्न : निजामाच्या शासनाने २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केली. भारतीय सैन्य १३ सप्टेंबर रोजी संस्थानात शिरले. पश्चिम आघाडीवर मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या तुकड्यांनी औरंगाबाद घेतले. समितीची बैठक १६ सप्टेंबर रोजी पॅरिस येथे भरली. हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याच्या बाजूने आठ मते पडली; विरोधी मत पडले नाही. सोव्हिएट रशिया, युक्रेन व चीन हे तटस्थ राहिले. त्या सुमारास बर्लिनच्या नाकेबंदीमुळे महासत्तांमधील तणाव शिगेला पोहोचला होता. हैदराबादसाठी कोणीही पुढे आले नाही. १७ सप्टेंबर रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि काही दिवसांतच आपली तक्रार मागे घेतली. कारवाईच्या काळात व तीनंतर झालेल्या हिंसाचारात मुस्लिम समाजाची मोठी जीवितहानी झाली. नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या किमान २७ ते ४० हजार असल्याचा अंदाज केला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत मराठवाड्यातील उस्मानाबाद व नांदेड हे दोन होते.

उठावाची अखेर : विलीनीकरणानंतर कम्युनिस्टांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या लष्करी प्रशासनाने त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. पक्षाच्या दाव्यानुसार उठाव सुमारे ३,००० गावांत पसरला, १० लाख एकर जमिनीचे वाटप झाले व सुमारे ४,००० शेतकरी आणि कार्यकर्ते मारले गेले. पक्षातील मतभेद तीव्र झाल्यावर श्रीपाद अमृत डांगे, अजय घोष, सी. राजेश्वर राव व एम. बसवपुन्नय्या हे नेते गुप्तपणे मॉस्कोला गेले आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये स्टालिनला भेटले. चिनी क्रांतिकारकांना मँचुरियात सोव्हिएट रशियाचा भक्कम आधार पाठीशी मिळाला. भारतात तशी स्थिती नाही व केवळ शेतकऱ्यांच्या गनिमी युद्धाने विजय मिळणार नाही, असे त्याचे मत होते. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांवरून या चर्चेचा तपशील उपलब्ध झाला आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये उठाव मागे घेण्यात आला.

परिणाम : उठावामुळे जमीनसुधारणांना गती मिळाली. जहागीरदारी १९४९ मध्ये रद्द झाली व १९५० च्या कूळकायद्याने संरक्षित कुळांचे हक्क मान्य केले. हे कायदे सर्व संस्थानाला लागू असल्याने तेलंगणातील लढ्याचा लाभ मराठवाड्यातील कुळांनाही मिळाला. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे विनोबा भावे यांना १०० एकर जमिनीचे दान मिळाले व भूदान चळवळीचा प्रारंभ झाला. साम्यवादाला अहिंसक पर्याय म्हणून अमेरिकेतही तिची दखल घेतली गेली. टाइम साप्ताहिकाने मे १९५३ मध्ये विनोबांचे चित्र मुखपृष्ठावर छापले.

१९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संस्थानातील कम्युनिस्टांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने भाग घेतला. नलगोंडा मतदारसंघातून रावी नारायण रेड्डी यांना लोकसभेसाठी नेहरूंपेक्षाही अधिक मते मिळाली. विधानसभेत आघाडी प्रमुख विरोधी पक्ष ठरली व तिचे नेतृत्व व्ही. डी. देशपांडे या मराठी भाषक नेत्याकडे आले. सशस्त्र क्रांतीचा मार्ग अशा रीतीने तेथे संसदीय राजकारणात विलीन झाला. उठावाचा आरंभ वेट्टी व जमीन या स्थानिक प्रश्नांतून झाला होता. त्याचे ध्येय व त्याची समाप्ती यांवर मात्र आंतरराष्ट्रीय साम्यवादी चळवळीतील धोरणांचा मोठा प्रभाव पडला. जमिनीचे जे हक्क शेतकऱ्यांच्या पदरी टिकले, ते राज्याच्या कायद्याने मान्य केलेले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला; १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे.