सहा बटणांची कुस्ती

इतिहास म्हटला की आम्हां पुणेकरांच्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा उभा राहतो. पण इतिहास पासोड्या विठोबाजवळच्या विजेच्या दुकानांतूनही घडत असतो, असे म्हटले तर माझ्या वर्गातली मुलेसुद्धा हसतील. खुशाल हसोत! मी सांगणार आहे ती हकीकत एका खेळाची आहे, आणि थोडीशी माझ्या खोट्या विजयाची.

ओसाका शहरातील कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८७ साली ‘स्ट्रीट फायटर’ नावाचा खेळ काढला. नाणे टाकून खेळावयाचे ते एक कपाटच होते म्हणा ना. त्याच्या एका नमुन्यावर रबराच्या दोन मोठ्या गाद्या बसविल्या होत्या. जितक्या जोराने हाणाल, तितका पडद्यावरचा ठोसा जबर. ही भीमसेनी योजना लवकरच मागे पडली आणि तिच्या जागी सहा बटणे आली. हलका, मध्यम आणि जबर असे तीन ठोसे. तशाच तीन लाथा. १९९१ साली निघालेल्या दुसऱ्या भागाने तर जग वेडे केले. त्यात निवडायला आठ मल्ल होते, आणि त्यांत एक आपला भारतीय! धालसिम नावाचा हा योगी तोंडाने आग ओकतो, हातपाय हवे तितके लांबवितो आणि गळ्यात कवट्या घालतो. जपान्यांना आपला योग असा दिसला, त्याला कोण काय करणार?

हा खेळ घरी आला तो १० जून १९९२ रोजी, निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम यंत्रावर. त्या यंत्राच्या पॅडवर मारायला सहाच बटणे होती, चार अंगठ्याखाली आणि दोन वर, तर्जनीशी. म्हणून कपाटावरची विद्या घरीही चालली, आणि त्या कॅसेटच्या ६३ लाख प्रती खपल्या. सेगाच्या यंत्राला मात्र तीनच बटणे, तेव्हा त्यांना १९९३ साली या खेळासाठी सहा बटणांचे नवे पॅड काढावे लागले.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात ही यंत्रे कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो एका पार्लरमधला नामांकित खेळाडू होता. तो नेहमी धालसिमच घेई, आणि एका रुपयात अर्धा तास उभा राही. मीही त्याच्यामागे तिकडे जाऊ लागलो, तेव्हा वडिलांनी १९९४ च्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून टीव्हीला जोडायचा सेटच घरी आणला. पोरगा डोळ्यांपुढे राहील, हा त्यांचा हिशेब.

तो सेट म्हणजे १९८३ च्या जुन्या फॅमिकॉमची नक्कल. कॅपकॉमने त्या यंत्रासाठी हा दुसरा भाग कधी काढलाच नाही. आमची कॅसेट कुणा परक्याने चोरून बनविलेली. पॅडवर बटणे दिसायला चार, पण त्यांतली दोन उरलेल्या दोघांचेच काम भराभर करणारी. एक ठोसा, एक लाथ, संपले! मल्ल चारच, आणि धालसिम त्यांत नव्हता.

भाऊबीजेला आत्या आली, तिच्याबरोबर दादाही आला. सारा वाडा गोळा झाला. ‘आडुगेन!’ असा आमचा पोरांचा रणघोष. मी चार दिवस त्या दोन बटणांवर बोटे झिजविली होती. दादाची बोटे मात्र नसलेल्या बटणांकडे धावत होती. तो सात वेळा हरला. वडिलांनी माझी पाठ थोपटली. दादा म्हणाला, “मामा, सेट झकास आहे हो.”

पुढे कित्येक वर्षे मी ही फुशारकी मिरविली. या खेळाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा बटणे मोजली आणि मनातल्या मनात ओशाळलो. गेल्या दिवाळीत दादाला ते सांगितले.

“अरे, पहिल्याच डावात कळलं होतं मला,” तो म्हणाला. “पण मामांनी बोनस घातला होता त्यात. त्यांच्यासमोर म्हणू काय, की हा नकली आहे म्हणून?” आणि त्याने चकलीचा डबा पुढे ओढला.