फलकावरील मिनिटें

अमेरिकेंतील ज्या मोठ्या करमणुकीच्या उद्यानांस आतां जगभर 'थीम पार्क' म्हणतात, त्यांतील बहुतेक खेळांच्या दाराशीं एक फलक असतो. त्यावर आकडा असतो: येथून पुढें इतकीं मिनिटें थांबावें लागेल. हा आकडा खरा असतो काय, असें इतिहासाच्या अध्यापकानें विचारावें याची कांहीं वाचकांस गंमत वाटेल. परंतु ज्यांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत अशा आपल्याकडील अनेक घरांतील वडील मंडळी आज नातवंडांसह ऑर्लँडोस किंवा अनाहाइमला जाऊन येतात. तेथील एका दिवसासाठीं कुटुंबाला बरीच पदरमोड करावी लागते, आणि त्या दिवसांत काय पाहावयाचें व काय सोडावयाचें हें मुख्यतः त्या आकड्यावर ठरतें. तेव्हां प्रश्न अगदींच क्षुल्लक नाहीं.

या विषयाची चर्चा बहुधा 'फलक खरा कीं खोटा' एवढ्यावरच थांबते. आमच्या मतें हा आकडा दिसावयास मोजमाप असला तरी त्याच्याकडून कामें दोन घेतलीं जातात. वेळ सांगणें हें एक आणि गर्दी वळविणें हें दुसरें. हें दुसरें काम त्याच्या गळ्यांत कसें पडलें, हें पाहिल्यावांचून त्याच्या खरेपणाविषयीं बोलण्यांत अर्थ नाहीं.

१७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांतील अनाहाइम येथें वॉल्ट डिस्ने यांचें 'डिस्नेलँड' उघडलें. तो दिवस निमंत्रितांचा होता. पण बनावट तिकिटें घेऊन इतके लोक आंत शिरले कीं खाण्याचे पदार्थ संपले, आणि नवा डांबरी रस्ता उन्हानें मऊ होऊन बायकांच्या बुटांच्या टांचा त्यांत रुतूं लागल्या. त्या वर्षीं मोठ्या माणसाचें प्रवेशमूल्य एक डॉलर असे व आंतील खेळांचे पैसे निराळे द्यावे लागत. त्याच सालच्या ऑक्टोबरांत तिकिटांचीं पुस्तकें निघालीं. त्यांत 'ए', 'बी', 'सी' अशा प्रती असत. पुढें 'डी' आली आणि १९५९ सालीं, मॅटरहॉर्न पर्वतावरील घसरगाडी सुरू झाली तेव्हां, 'ई' ही सर्वांत उंची प्रत आली. पुस्तकांतील 'ई' तिकिटें संपलीं म्हणजे मुलगा मुकाट्यानें लाकडी घोड्यांच्या चक्राकडे वळे. गर्दीची वांटणी तेव्हां बव्हंशीं खिशाकडून होत असे, आणि तीबद्दल फलकास फारसें कांहीं सांगावें लागत नसे.

टेक्सासमधील 'सिक्स फ्लॅग्ज' उद्यानानें १९६१ सालीं एकच प्रवेशमूल्य घेऊन सर्व खेळ मोकळे करण्याची पद्धत पाडली. १९८२ सालीं डिस्नेनेंही तिकिटांचीं पुस्तकें बंद केलीं. दारांत एकदां पैसे भरले कीं आंत सर्व मोफत! परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी सांगेल कीं जी वस्तु मोफत आहे आणि पुरेशी नाहीं, तिची किंमत ग्राहक आपल्या वेळानें देतो. 'ई' तिकिटाची जागा रांगेंतील मिनिटांनीं घेतली, आणि फलक हा त्या दिवसापासून भावफलक झाला असें आम्ही समजतों.

आतां हा भाव काढतात कसा? रांगेचें गणित उद्यानांत जन्मलेलें नाहीं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एर्लांग यांनीं १९०९ सालीं टेलिफोनवरील संभाषणांस संभाव्यतेचे नियम लावून दाखविले, आणि त्या शास्त्राचा पाया तेथें पडला. १९६१ सालीं जॉन लिटल या अमेरिकन विद्वानानें त्यांतील एका साध्या नियमाची सिद्धता दिली. आंत येण्याचा सरासरी वेग आणि थांबण्याचा सरासरी काळ यांचा गुणाकार केला कीं रांगेंतील माणसांची सरासरी संख्या मिळते. म्हणजे रांगेंत ६०० माणसें असून खेळ ताशीं १,२०० माणसें उचलीत असेल, तर नव्या माणसास अर्धा तास लागेल. यांत न समजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र रांग सरळ नसते. ती कठड्यांमधून नागमोडी फिरवून इमारतींत नेलेली असते, त्यामुळें दारांत उभ्या असलेल्या माणसास तिची लांबी दिसत नाहीं. फलकावर विश्वास ठेवण्यावांचून त्याला गत्यंतर नसतें.

प्रत्यक्ष मोजण्याची एक जुनी रीत डिस्नेच्या उद्यानांत प्रसिद्ध आहे. रांगेंत शिरणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या हातीं नोकर एक तांबडें कार्ड देतो. तें त्यानें पुढें खेळाच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या नोकरास परत द्यावयाचें. दोन वेळांची वजाबाकी केली कीं उत्तर मिळालें. अशी रीत कोणासही निर्दोष वाटेल; पण तींत एक खोंच आहे, आणि ती इतिहासाच्या अभ्यासकास चटकन् जाणवते. कार्ड सांगतें तें होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल. सकाळीं दहा वाजतां कार्ड परत आलें आणि तीस मिनिटें निघालीं, तर तो साडेनऊ वाजतां शिरलेल्या माणसाचा अनुभव झाला. दरम्यान रांग दुप्पट झाली असेल, तर दहा वाजतां शिरणाऱ्यास एक तास लागेल. सायंकाळीं रांग ओसरत असतां याच्या नेमकें उलट होतें. म्हणजे अगदीं सचोटीनें मोजलेला आकडाही सकाळीं कमी आणि सायंकाळीं जास्त दाखवील. शिवाय मध्येंच यंत्र बंद पडलें तर कार्डही व्यर्थ आणि लिटल यांचा नियमही व्यर्थ.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर चूक दोन्ही अंगांस सारखी पडली असती. कधीं वेळ कमी सांगितला गेला असता, कधीं जास्त. तशी ती पडत नाहीं. संगणकशास्त्राचे पदवीधर लेन टेस्टा यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं फ्लॉरिडांतील डिस्नेच्या उद्यानांत वर्षानुवर्षें घड्याळ लावून प्रत्यक्ष थांबण्याचे काळ नोंदविले आहेत. त्यांचा निष्कर्ष असा कीं फलकावरील आकडा बहुधा प्रत्यक्षापेक्षां मोठा असतो. एकाच बाजूस झुकणाऱ्या तराजूला आपण नुसता बिघडलेला म्हणत नाहीं; त्याचें पारडें कोणी दाबलें आहे काय हेंही पाहतों.

येथें दोष देण्याची घाई करूं नये. डेव्हिड मेस्टर यांनीं १९८५ सालीं रांगेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. ज्याचा शेवट ठाऊक नाहीं तें थांबणें ठाऊक असलेल्या थांबण्यापेक्षां लांब वाटतें, हें त्यांतील एक सूत्र. आणि समाधान म्हणजे अनुभवांतून अपेक्षा वजा करून जें उरतें तें, हें दुसरें. साठ मिनिटें सांगून पंचेचाळिसांत आंत घेतलें, तर पाहुणा पंधरा मिनिटें बक्षीस मिळाल्यासारखा हंसत बाहेर पडतो. तीस सांगून पंचेचाळीस लावलीं, तर तोच पाहुणा तक्रार करतो. थांबणें दोन्ही वेळां सारखेंच! आमच्याकडील शिंप्यास हें सूत्र अद्याप उमगलेलें नाहीं. तो गुरुवारचा वायदा करून पुढल्या सोमवारीं सदरा देतो. डिस्नेच्या व्यवस्थापकांस तें चांगलें उमगलें आहे. त्यांतून एका खेळाचा आकडा थोडा चढवला म्हणजे लोक दुसऱ्याकडे वळतात, हा लाभ वेगळाच.

या आकड्याशीं ते मोकळेपणानें खेळतातही. फलकावर सहसा पांच-पांचाच्या पटींतील आकडे असतात. पण 'हाँटेड मॅन्शन' या भुतांच्या वाड्यासमोर रांग मुळींच नसली तर पुष्कळदां तेरा मिनिटें लिहिलेलीं आढळतात. तेरा हा पाश्चात्त्यांचा अशुभ आंकडा. जाणता पाहुणा हंसतो आणि सरळ आंत शिरतो. अजाणता मात्र तेरा मिनिटांचा हिशेब करून पुढें निघून जातो.

आज हे आकडे प्रत्येकाच्या हातांतील दूरध्वनीवर दिसतात, आणि हौशी लोकांनीं ते वर्षानुवर्षें टिपून ठेवले आहेत. जून २०१९ मध्यें ऑर्लँडो येथील युनिव्हर्सल कंपनीच्या उद्यानांत हॅग्रिडच्या नांवाची नवी घसरगाडी सुरू झाली. त्या दिवशीं दहा तासांची रांग जाहीर झाली होती, आणि ती बातमी जगभर गेली. अशा टिपणांवरून 'अमुक वर्षीं लोक इतका वेळ थांबले' असे लेख लिहिले जातात. येथें आम्हांस राजवाड्यांची आठवण होते. बखरीपेक्षां अस्सल पत्रास त्यांनीं अधिक प्रमाण मानलें. फलकाचें दप्तर ही या उद्यानांची बखर आहे. दरबारानें स्वतःविषयीं काय सांगितलें तें तींत आहे. घड्याळ लावून उभ्या राहिलेल्या माणसाची नोंद हें अस्सल पत्र. आणि तशीं पत्रें फार थोडीं आहेत.

आतां ज्या भागासाठीं आम्हीं हा विषय हातीं घेतला त्याकडे वळतों. १९९९ सालीं डिस्नेनें 'फास्टपास' काढला. यंत्रांतून एक चिठ्ठी घ्यावयाची, तीवर छापलेल्या तासांत परत यावयाचें आणि लहान रांगेनें आंत जावयाचें. यास पैसे पडत नसत. परंतु खेळाच्या जागा तेवढ्याच राहिल्या. ताशीं १,२०० जागांपैकीं समजा ९०० चिठ्ठीवाल्यांकडे गेल्या, तर साध्या रांगेस ३०० उरतात; आणि वर सांगितलेल्या त्याच ६०० माणसांच्या रांगेस अर्ध्या तासाऐवजीं दोन तास लागतात. रांग तेवढीच दिसते आणि वेळ चौपट होतो. डोळ्यांनीं अंदाज बांधण्याची उरलीसुरली सोयही गेली. फलकावरील भिस्त वाढली ती अशी.

ऑगस्ट २०२१ मध्यें फास्टपास कायमचा बंद झाल्याचें कंपनीनें जाहीर केलें, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत फ्लॉरिडांत रांग टाळण्याची सवलत विकत मिळूं लागली. आरंभीं माणशीं दिवसाचे १५ डॉलर. कांहीं नामांकित खेळांसाठीं निराळे पैसे द्यावे लागत. २०२४ सालीं नांवें बदललीं, विक्री चालू राहिली. ज्या पडद्यावर 'थांबावयाचीं मिनिटें ९०' असें दिसतें, त्याच पडद्यावर तीं ९० मिनिटें चुकविण्याचें तिकीट विकलें जातें. आकडा जितका मोठा तितकें तिकीट स्वस्त वाटणार. विक्री वाढावी म्हणून कंपनी आकडे फुगविते असा आरोप आम्ही करीत नाहीं. तसा पुरावा आमच्यापुढें नाहीं, आणि आकडा चढा ठेवण्याची रीत या विक्रीहून जुनी आहे हें वर आलेंच आहे. पण पूर्वीं चढ्या आकड्यानें कंपनीस पाहुण्याचा संतोष मिळे, आतां त्याचे पैसेही मिळतात. आमच्याकडील वाण्याच्या मापावर सरकारी शिक्का असावा लागतो; या मापावर कोणाचा शिक्का नाहीं. १९५९ सालचें 'ई' तिकीट निदान आपली किंमत उघड सांगत असे.

या उद्यानांचे जुने जाणकार फलक निराळ्या रीतीनें वाचतात. सकाळचा पहिला तास ते आकड्याकडे न पाहतां वापरतात, कारण त्या वेळीं रांग खरोखरच लहान असते. रात्रीं उद्यान बंद होण्याच्या सुमारास नव्या माणसानें रांगेंत येऊं नये म्हणून आकडा चढा ठेवतात, असा त्यांचा अनुभव आहे. पण डिस्नेच्या उद्यानांचा सामान्य नियम असा कीं बंद होण्याच्या वेळेपूर्वीं जो रांगेंत शिरला, त्यास खेळ मिळतोच. तेव्हां बाकीची मंडळी मुलांचे हात धरून दरवाजाकडे निघालेलीं असतात, आणि हे जाणकार शेवटच्या पांच मिनिटांत साठाचा आकडा असलेल्या दारांतून आंत जातात.