जात्यावरचा मकतब

आष्टीसारख्या गावात मुसलमानांच्या शिक्षणाचा इतिहास विचारला, की मशिदीतला मकतब आणि निजामी अमलातली उर्दू शाळा एवढेच सांगितले जाते. घर कोणी मोजत नाही. ओसरी, चूल, जाते ही जणू शिकण्याची ठिकाणेच नव्हेत!

रिचर्ड ईटन यांचा विजापूरच्या सूफींवरचा ग्रंथ १९७८ मध्ये आला. ‘चक्कीनामा’, ‘चरखानामा’ या दखनी रचनांकडे त्यांनी लक्ष वेधले. दळताना, सूत कातताना बायका त्या गात. बाळाला निजवताना ‘लोरीनामा’. एका चक्कीनाम्यात जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अर्थात अल्लाह, आणि मधला खिळा म्हणजे पैगंबर. धर्माची मूलतत्त्वे घरोघरी पोचली ती या बायकांमुळे, असे ईटन म्हणतात. म्हणजे मांडीवरच्या पोराला अलिफ पाटीवर दिसण्याआधी जात्यावर भेटत होता. शेजारच्या घरात त्याच पहाटे मराठी ओवी चाले.

या रचना अरबी-फारसीत नव्हत्या, घरच्या बोलीत होत्या, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, उर्दूतून उच्च शिक्षण मिळू लागले. काम मोठेच. दखनी मात्र ‘अशुद्ध’च राहिली. आजही वर्गात मूल ‘नक्को’ म्हणाले, की त्याला ‘नहीं’ म्हणायला लावतात. हा ‘नक्को’ तर आपल्या ‘नको’चा सख्खा भाऊ!

गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. नानी-दादींच्या तोंडी काही उरले असेल, तर ते उतरवून घ्यायला वही नातवंडांच्याच हाती द्यावी. आणि ‘नक्को’ला ‘नक्को’च लिहू द्यावे.