हिरा दाबतो, हिराच सांगतो

हायड्रोजन आणि धातूंची सोयरीक जगापुढे आणली ती लंडनच्या थॉमस ग्रॅहम यांनी. पॅलेडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो, हे त्यांनी 1866 साली दाखवलं. तीन वर्षांनी त्यांनी असंही जाहीर केलं, की धातूत मुरलेला हा हायड्रोजन चुंबकीय असतो. पुढच्या मोजमापांतून नेमकं उलट निघालं. चुंबकाकडे ओढला जाणारा पॅलेडियम हायड्रोजन घेत गेला की ती ओढ गमावत जातो आणि शंभर अणूंमागे साठ-पासष्ट हायड्रोजन झाले की चुंबकापासून दूर सरू लागतो. हायड्राइडच्या, म्हणजे हायड्रोजन आणि धातूच्या संयुगाच्या, चुंबकत्वाचा पहिलाच निवाडा असा फिरला. तेव्हापासून या विद्येची खरी कसोटी मोजमापात आहे.

लोखंड साध्या दाबाला हायड्रोजनला जवळ करत नाही. त्यासाठी साडेतीन गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सुमारे पस्तीस हजार पट दाब लागतो, आणि दाब उतरवला की हायड्रोजन निघून जातो. म्हणून या हायड्राइडची तपासणी दाबाखालीच करावी लागते.

त्याची सोय झाली ती वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये. चार्ल्स वेअर, एलिस लिपिनकॉट, आल्विन व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि एल्मर बंटिंग यांनी 1958 साली तिथे हिऱ्यांची ऐरण बनवली. सुरुवातीचे हिरे सरकारने तस्करांकडून जप्त केलेले होते. रचना साधी आहे. दोन हिऱ्यांची टोकं घासून सपाट करायची आणि समोरासमोर ठेवायची. मध्ये धातूची पातळ चकती, चकतीला केसाएवढं भोक, भोकात नमुना आणि माणकाचा कण. स्क्रू आवळत गेलं की दाब चढतो. 1972 पासून तो माणकाच्या लाल चकाकीवरून मोजता येऊ लागला. हिरा पारदर्शक असल्याने आतलं सगळं बाहेरून पाहता येतं.

अशाच ऐरणीत 1991 साली कार्नेगी संस्थेच्या बॅडिंग, हेमली आणि माओ यांनी लोखंडाचं हायड्राइड 62 गिगापास्कलपर्यंत तपासलं. शुद्ध लोखंडाची अणुरचना 13 गिगापास्कलच्या आसपास बदलते आणि त्याचं चुंबकत्व जातं. हायड्राइडमध्ये मात्र ते वीस-तीस गिगापास्कलपर्यंत टिकतं, कारण हायड्रोजन लोखंडाच्या अणूंना एकमेकांपासून दूर ठेवतो. दाब आणखी वाढला की अणू जवळ येतात, एका दिशेने फिरकी असलेले इलेक्ट्रॉन जोड्या लावतात आणि चुंबकत्व मावळतं.

त्याच्याही पुढच्या दाबाखाली काही हायड्राइडं अतिसंवाहक होतात. लँथॅनमचं हायड्राइड 170 गिगापास्कलला, 250 केल्विनला, म्हणजे उणे 23 अंश सेल्सिअसला विद्युतरोध गमावतं, असं जर्मनीतल्या माइन्झच्या गटाने 2019 साली दाखवलं. पण रोध शून्य झाला एवढ्याने भागत नाही. खरा अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला आपल्या अंगातून बाहेर काढतो, आणि तेही सिद्ध करावं लागतं. इथेच अडचण होती. नमुना मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान, आणि भोवतीच्या यंत्राचा चुंबकीय गोंगाट त्याच्या कितीतरी पट मोठा. कार्बन, गंधक आणि हायड्रोजनचं संयुग अतिसंवाहक असल्याचा 2020 सालचा गाजलेला दावा ‘नेचर’ या नियतकालिकाने 2022 साली मागे घेतला, तो हा गोंगाट वजा करण्याची रीत पटण्याजोगी नव्हती म्हणून.

उपाय हिऱ्यातच सापडला. हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, की तिथे एक सूक्ष्म चुंबकमापक तयार होतो. त्यावर हिरवा लेसर टाकला की तो लाल चकाकतो. सोबत मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या, की ठरावीक कंपनसंख्येला ती चकाकी मंदावते. ही कंपनसंख्या किती सरकली, यावरून तिथलं चुंबकीय क्षेत्र कळतं. असे बिंदू ऐरणीच्या टोकाशीच, नमुन्याला लागून पेरता येतात. अमेरिका, फ्रान्स आणि हाँगकाँगमधल्या तीन गटांनी 2019 साली ही रीत दाबाखाली वापरून दाखवली. 2024 साली हार्वर्डच्या नॉर्मन याओ यांच्या गटाने सीरियमच्या हायड्राइडवर शंभर गिगापास्कलच्या वर ती लावली. क्षेत्र बाहेर ढकललं जाताना दिसलं, आणि इवल्याशा नमुन्याचा नेमका कोणता भाग अतिसंवाहक आहे याचा नकाशाही मिळाला.

दाब वाढवण्याचे विक्रम गाजतात, आणि ते गाजायलाच हवेत. पण हायड्राइडांच्या अभ्यासाची खरी प्रगती विश्वासाने मोजता येण्यात झाली आहे. खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या अतिसंवाहकाचा पुढचा दावा येईल, तेव्हा दाब किती होता याच्याआधी एकच प्रश्न विचारावा: चुंबकीय क्षेत्र बाहेर पडताना दिसलं का?